अक्का अहवाल लिहायची तेव्हा

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास माझा फोन तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा मी तो कापला. स्क्रीनवर ‘अक्का’ दिसत होतं आणि माझी मीटिंग चालू होती. माझ्या मीटिंगा अक्काला कधीच कळल्या नाहीत. भर अकरा वाजता फोन करून ‘अगं, त्या निळ्या डब्यात रवा आहे की इडलीचं पीठ?’ असं विचारणारी बाई ती... चौथा फोन आला तो श्रीधरचा, माझ्या नवऱ्याचा. बंगळुराबाहेर आनेकलच्या बस स्टँडवर, बाकावर बसल्या बसल्या अक्का गेली होती. शेजारी फुलं विकणाऱ्या बाईनं तिच्याच फोनवरून सगळ्यात वर दिसलेला नंबर तीनदा लावला होता. तो माझा. मग तिनं त्याखालचा लावला. फोनला लॉक ठेव म्हणून मी अक्काच्या मागे वर्षभर लागले होते. नशीब, तिनं ऐकलं नव्हतं.

याला आता सहा आठवडे झाले. लोक भेटायला येतात, कॉफी पितात आणि ‘किती शांत, किती सोशिक बाई’ म्हणतात. शांत होती, हे खरं. सोशिक आम्ही होतो.

सुमित्राअक्का माझी नणंद, श्रीधरपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. या घराण्याला बंगळुरात येऊन साडेतीनशे वर्षं झाली, असं ती सांगायची, आणि मी पुण्याहून नोकरीसाठी आले म्हणजे जणू कालच्या बसनं आले, असं वागायची. तिचं मराठी ऐकून मी सुरुवातीला गोंधळून जायचे. ‘स्वल्प थांब गं’, ‘सरी, तसंच करू’ असं बोलता बोलता ती मधेच आख्खं वाक्य कन्नडमध्ये टाकायची. मी कानडी म्हटलं की ‘कन्नड म्हण’ अशी दुरुस्ती व्हायची. लग्नानंतर वर्षभर मी तिला ‘अहो अक्का’ म्हणत होते. नंतर ‘अगं’ वर आले, कारण रागवायला ‘अगं’ सोयीचं पडतं. तिनं लग्न केलं नाही. राजाजीनगरच्या आमच्या घरात मागची खोली तिची होती आणि त्या खोलीतून ती रोज सकाळी आठ वाजता सरकारी नोकरीवर जायची. ती प्रोबेशन अधिकारी होती.

म्हणजे काय, हे मला समजायलाही काही वर्षं लागली. कोर्टात एखाद्यावर गुन्हा सिद्ध होतो, पण शिक्षा अजून सुनावलेली नसते. त्या मधल्या दिवसांत न्यायाधीश विचारू शकतात, की हा माणूस कोण आहे? घरी कोण आहे, गाव काय म्हणतं, सोडला तर सुधारेल का, की परत तेच करील? जन्मठेप किंवा फाशीची तरतूद नसलेल्या गुन्ह्यांत, अगदी गंभीर गुन्ह्यातसुद्धा, चांगल्या वागणुकीच्या हमीवर आणि देखरेखीखाली माणसाला सोडता येतं. त्यासाठी कोर्टाला अहवाल लागतो, आणि तो लिहायचा अक्कानं. असे काही जुने अहवाल मी पाहिले होते. एक पान. ‘सदर इसमाची वर्तणूक समाधानकारक आहे. कौटुंबिक वातावरण चांगले आहे.’ खाली सही, शिक्का. अक्काचे अहवाल पंधरा-पंधरा, वीस-वीस पानांचे असायचे, आणि नेहमी उशिरा. तिच्या वरिष्ठांचा त्यावरून होणारा संताप मी घरच्या फोनवर ऐकलेला आहे. मला तेव्हा ते वरिष्ठच बरोबर वाटायचे.

सात वर्षांपूर्वी दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. माझी नोकरी गेली, आणि बसमधून उतरताना पाय घसरून अक्काचा उजवा हात मोडला. प्लास्टर कोपरापर्यंत. ऑफिसात टायपिस्टची जागा रिकामी, आणि एका खटल्यातला अहवाल द्यायला पंधरा दिवस राहिलेले. घरात गाडी चालवू शकणारी, टाइप करू शकणारी आणि दिवसभर मोकळी अशी एकच व्यक्ती होती. ‘गाडीत बसायचं, काही ऐकायचं नाही. टाइप करायचं आणि विसरायचं,’ असं तिनं मला बजावलं. आजवर मी ते पाळलं. आता थोडं मोडते आहे, पण नावं बदलून.

खटला आनेकलजवळच्या एका खेड्यातला. मंजुनाथ नावाचा माणूस, वय चौतीस, तिथल्या लहानशा कारखान्यात मशीनवर कामाला. सख्खा मोठा भाऊ नागराज. दोघांची घरं एकाच अंगणात, दारं एकमेकांसमोर. बोअरवेलच्या पाण्यावरून एका संध्याकाळी भांडण झालं आणि मंजुनाथनं तिथं पडलेला लोखंडी पाइप उचलून भावाच्या डोक्यात घातला. तिसऱ्या दिवशी नागराज हॉस्पिटलात वारला. कोर्टानं तो खून नव्हे, पण सदोष मनुष्यवध ठरवला. आता शिक्षा. वकिलांनी अर्ज केला होता की पहिलाच गुन्हा आहे, दोन लहान मुली आहेत, प्रोबेशनवर सोडावं.

राजाजीनगरहून आनेकल म्हणजे शहर आडवं कापून जायचं. पहिल्या दिवशी आम्हाला पावणेतीन तास लागले. पण काम झालं! पंचायतीतला एक जण, शेजारी, कारखान्याचा सुपरवायझर, सगळे एकच सांगत होते, की मंजुनाथ चांगला माणूस, कामसू, त्या दिवशी डोकं फिरलं. त्याच्या बायकोचा भाऊ यशवंतपूरच्या घाऊक बाजारात हमाली करायचा, तोही हमी द्यायला तयार होता. आणि शेवटी गौरम्मा. मेलेल्याची आई आणि मारणाऱ्याचीही. ती अंगणात मातीत बसली आणि अक्काच्या प्लास्टरवर हात ठेवून म्हणाली, “एक गेला. दुसरा तरी मला परत द्या, अम्मा.” मी गाडीत बसले होते, काच खाली होती. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू आलं. येताना मी म्हटलं, “झालं ना? आज लिहून टाकू.”

“रत्ना बोलली नाही,” अक्का म्हणाली.

रत्ना म्हणजे नागराजची विधवा. सासू तिच्याकडेच राहायची. आम्ही गेलो तेव्हा तिनं दार लावून घेतलं होतं.

“अगं, पण अहवाल मंजुनाथवर आहे. रत्नावर नाही.”

“तो सुटला तर राहणार कुठं? तिच्या दारासमोर. मग तिला नको विचारायला?”

दुसऱ्यांदा गेलो. दार बंद. तिसऱ्यांदा गेलो, रत्ना कामावर गेली होती, संध्याकाळी आली आणि आमच्यासमोरून आत जाऊन तिनं कडी लावली. अक्का अर्धा तास अंगणात उभी राहिली आणि परत आली. येताना सिल्क बोर्डच्या चौकात गाडी तासभर अडकली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हटलं, “अक्का, मी तुला एक टेम्प्लेट करून देते. सगळ्या प्रश्नांचे कॉलम. उत्तर आलं नाही तर ‘उपलब्ध नाही’ लिहायचं. जगभर असंच चालतं.” ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “त्या आख्ख्या फाइलमध्ये तिचं नाव एकदाही नाही. सगळीकडं ‘मयताची पत्नी’. वर आणि तू ‘उपलब्ध नाही’ लिही.” अशा बाईशी भांडायचं कसं, सांगा. तिचा आवाज कधी चढायचाच नाही. चढायचा तो आपला, आणि मग आपणच ओशाळायचो.

चौथ्या फेरीला अक्का पंचायतीत कुठलासा कागद बघायला गेली. मला लघवीला जायचं होतं, समोर मंजुनाथच्या घरी कुणी नव्हतं, म्हणून मी थेट रत्नाचं दार वाजवलं. तिनं उघडलं. काम झाल्यावर मी बाहेर आले आणि काय झालं मला ठाऊक नाही, माझा तोल गेला. माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये मी तिला म्हटलं, “बाई, मी चार वेळा आले. ती आमची अक्का तुम्ही बोलल्याशिवाय सोडणार नाही. माझी नोकरी गेली आहे, घरी मुलगा आजारी आहे, पेट्रोल जळतंय. हो म्हणा, नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा. साकु, पुरे झालं मला!”

रत्ना बाहेर आली. मग पायरीवर बसली.

“पोलिसांनी विचारलं, पाइप कुठं होता. वकिलानं विचारलं, पाइप कुठं होता,” ती म्हणाली. “मला काय हवं, ते ही एकटी विचारते. म्हणून भीती वाटते तिची. एकदा सांगितलं की घरात राहायचं कसं मी? सासूबरोबर जेवते मी रोज.”

तिनं मग हळूहळू सांगितलं. तिला मंजुनाथ मरायला नको होता, जन्मभर तुरुंगातही नको होता. पण रोज सकाळी दार उघडल्यावर समोर तो दात घासत उभा असलेला तिला बघवणार नव्हता. आणि आणखी एक. घटनेच्या तीन वर्षं आधी त्यानं नागराजला असंच मारलं होतं. दात पडला होता. गावानं बसून मिटवलं, आईनं दोघांना शपथ घातली आणि कुणी कुठं बोललं नाही. म्हणजे ‘पहिल्यांदाच डोकं फिरलं’ हे खरं नव्हतं.

गाडीत अक्का येऊन बसली. मी इंजिन सुरू केलं. दोन किलोमीटर माझ्या डोळ्यांसमोर प्लास्टरवर हात ठेवणारी गौरम्मा होती. हे सांगितलं नाही तर? कुणाला कळणार होतं? पण माझ्याच्यानं राहवलं नाही. सांगून टाकलं. वाटलं, अक्का खूश होईल. ती म्हणाली, “गाडी वळव.”

“अगं, मी सांगितलं ना सगळं!”

“तू ऐकलंस. मी नाही. ऐकीव लिहिता येत नाही मला. आणि तिला माहीत असायला हवं की हे कागदावर जाणार. तुझ्याशी ती बाई म्हणून बोलली.”

गाडी वळवली. रत्ना सगळं पुन्हा बोलली, या वेळी अक्कासमोर, लिहिलं जाणार हे माहीत असताना. आणि त्यानंतर अक्का गौरम्मा घरी येईपर्यंत थांबली आणि दाताचं तिलाही विचारलं. म्हातारीनं आधी नाही म्हटलं, मग पदर तोंडावर घेतला. आम्ही घरी पोचलो तेव्हा माझ्या मुलाला ताप चढलेला होता आणि मी अक्काशी दोन दिवस बोलले नाही.

बोलले नाही, पण टाइप करत होते. ती मराठीत सांगायची, मी इंग्रजीत लिहायचे, आणि माणसांची वाक्यं ती जशीच्या तशी कन्नडमध्ये ठेवायला लावायची, खाली अर्थ. ‘एक गेला, दुसरा तरी द्या’ या वाक्याचा अर्थ मी चार वेळा लिहिला, तिला तो चारही वेळा नको इतका गोड वाटला. “तू रडवते आहेस जज्जसाहेबांना. तिनं रडवलं नव्हतं. तिनं मागितलं होतं.” दाताच्या परिच्छेदाशी आलो तेव्हा मी हात थांबवले. म्हटलं, “हे गाळता येईल. गुन्हा नोंदलाच नव्हता. कायद्यानं घडलेलंच नाही ते.”

“साहेब माणसं कागदावरच बघतात,” अक्का म्हणाली. “मी नाही लिहिलं तर ते खरंच घडलेलं नाही. मग नागराजनं एकदाच मार खाल्ला असं होईल. आणि रोज सासूबरोबर जेवणाऱ्या रत्नानं सांगितलं, त्याचं काय?”

“आणि मंजुनाथच्या मुली?”

“त्या आहेत की पान सातवर.”

शेवटी तिनं शिफारस लिहिली ती अशी, की सोडायचं असेल तर त्या अंगणात सोडू नये. यशवंतपूरला मेव्हण्याजवळ, देखरेखीखाली ठेवता येईल. त्या गावात मात्र नको. कागद गेले. एकवीस पानं.

निकालाच्या दिवशी मी हट्टानं कोर्टात गेले. साहेबांनी प्रोबेशन नाकारलं. सरकारी वकिलांनी मागितली होती त्यापेक्षा पुष्कळ कमी, चार वर्षांची शिक्षा दिली. आणि आमच्या अहवालाबद्दल आख्ख्या निकालपत्रात एक ओळ होती, ‘अहवाल अवलोकनी घेतला.’ बस्स. चार फेऱ्या, एकवीस पानं, मोडलेला हात... आणि अवलोकनी घेतला! शिक्षा कमी दिली ती अहवालामुळे, की सोडला नाही तो अहवालामुळे, की साहेबांनी तो उघडूनही पाहिला नाही, हे आजतागायत मला कळलेलं नाही. मी कॉरिडॉरमध्ये संतापानं येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात गौरम्मा समोर आली.

“तू लिहिलंस म्हणून माझा मुलगा आत गेला,” ती अक्काला म्हणाली.

अक्काकडे शंभर उत्तरं होती. शिक्षा कोर्ट देतं. मी चांगलंही लिहिलं. साहेबांनी एक ओळ लिहिलीय बघा. यातलं काहीही चाललं असतं. अक्का म्हणाली, “हो.”

म्हातारी थुंकली. अंगावर नाही, बाजूला, पण थुंकली. आणि अक्का तिथंच उभी. मी तिला ओढत गाडीत नेलं आणि विचारलं की तू का कबूल झालीस, तुला तरी कुठं माहीत आहे? ती म्हणाली, “नसेलही माझ्यामुळं. पण मी लिहिताना असेल असं धरूनच लिहिलं होतं ना?”

यानंतर माझी नोकरी लागली आणि मी या सगळ्यातून सुटले. ती सुटली नाही. झालेल्या खटल्याबद्दल घरी ती कधीच बोलायची नाही, फक्त एकदा बोलली. मंजुनाथला तुरुंगात भेटून आली होती. त्यानं अहवाल मागितला होता, म्हणून तिनं तो आख्खा कन्नडमध्ये त्याला वाचून दाखवला. त्या रात्री जेवताना ती अगदी उतरलेली होती. मला वाटलं, त्यानं शिव्या दिल्या असतील. “नाही गं,” ती म्हणाली. “तो म्हणाला, मेडम, दात एक नव्हे, दोन पडले होते. दुसरा भावानं मुठीत लपवला, आईला दिसू नये म्हणून.” आणि अक्काचं पुढचं वाक्य काय असावं? “माझ्या अहवालात चूक राहिली.”

मंजुनाथ सुटून आता साडेतीन वर्षं होतील. तो यशवंतपूरलाच राहतो, बायको-मुलींना घेऊन, बाजारात कांद्याची पोती उचलतो. गावात तो गेला नाही. कुणी मनाई केलेली नाही, तोच जात नाही. गौरम्माला आता नीट दिसत नाही, बसनं एवढ्या लांब तिला येववत नाही. मग निवृत्त झालेली, बीपीच्या दोन गोळ्या खाणारी आमची अक्का महिन्यातून एकदा पहाटेच निघून आधी यशवंतपूरच्या बाजारात जायची, त्याला बघायची, आणि तिथून दोन बस बदलून आनेकलला, ते त्याच थुंकलेल्या आईला सांगायला. मी डोक्यावर हात मारून घ्यायचे. “फोन नाहीत का त्या लोकांकडे?” “आहेत की,” ती म्हणायची. “फोनवर तो ‘बरा आहे’ म्हणतो आणि ती ‘बरी आहे’ म्हणते. पुढं?”

गेल्या रविवारी मी आनेकलला गेले. कुणीतरी त्यांना सांगायला हवं, असं मला वाटत होतं. रस्ता तोच, फक्त आता वर मेट्रो धावते आणि खाली वाहतूक तशीच अडते. दार रत्नानं उघडलं. त्यांना कळलं होतं, फुलवाली त्याच गावची निघाली. रत्नानं आतून एक लाल प्लास्टिकची खुर्ची आणली आणि अंगणाच्या मधोमध ठेवली. एका बाजूला तिचं उघडं दार, दुसऱ्या बाजूला मंजुनाथचं कुलूप लावलेलं. “कूतकोळ्ळी, बसा,” ती म्हणाली. “मेडम इथंच बसायच्या. आत बोलावलं तरी यायच्या नाहीत. ही त्यांचीच खुर्ची, आम्ही कुणी घेत नाही.”

मी उभीच राहिले. गौरम्मा भिंतीला धरून बाहेर आली आणि माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाली, “त्या दिवशी इथूनच गेली. दोसे घातले होते, खाऊन जा म्हटलं. बस चुकेल म्हणाली. अर्ध्या तासानं दुसरी होतीच की! ऐकायचीच नाही.”

“नाही ऐकायची,” मी म्हटलं.

“फार हट्टी.”

“फारच.”

सहा आठवड्यांत इतकं बरोबर कुणी बोललं नव्हतं माझ्याशी. म्हातारी पायरीवर टेकली आणि तिनं अगदी सहज, रोजचं विचारावं तसं विचारलं, “यशवंतपूरला जाऊन आलीस का? कसा आहे तो?”

मी गेले नव्हते. माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. परत जायला अडीच तास, सोमवारी सकाळी रिव्ह्यू, मुलाची परीक्षा... आणि ही बाई माझ्याकडे न दिसणाऱ्या डोळ्यांनी बघत उत्तराची वाट पाहत होती. बरा आहे, असं म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

“नाही गेले,” मी म्हटलं.

“मग पुढच्या खेपेला आधी तिकडं जा,” ती म्हणाली. “मग इकडं ये.”

रत्ना चहा ठेवायला आत गेली. मनातल्या मनात मी अक्काला जे काही बोलले ते इथं छापता येणार नाही. मग खुर्ची जरा सरळ केली, आणि बसले.